पोचम्मा बोलली तो दिवस

“मग लोक माझ्याकडे का येत नाहीत, चाचा?”

सरवरचाचा टेकडीवरच्या दर्ग्याच्या ओट्यावर बसून ताटातली डाळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा निरंजन मामिडवार. वय तीस, नांदेडला वकिली. धामणवाडीच्या दगडखाणीवर तेलंगणातून आलेली चाळीस घरं आहेत, त्यांच्यासाठी तो दोन वर्षं धावत होता. रेशनकार्डं काढून दिली. पोरांना शाळेत घातलं. आजीमुळे तेलुगू त्याला घरचीच होती.

“काय अडलंय?” चाचांनी विचारलं.

“मेलेल्याला पुरायला जागा नाही.”

“हं.”

“सव्वीस वर्षं झाली त्यांना इथं येऊन. कुणी गेलं की गाव म्हणतं, तुमच्या मुलखात न्या. मग नदीच्या पात्रात पुरतात. मागच्या महिन्यात एलय्या गेला, पोचम्माचा नवरा. त्यालाही तिथंच ठेवलं. पाणी आलं की...”



“मग तू काय केलंस?”

“दोन ग्रामसभांत बोललो. एकदा तर चाळीस मिनिटं. कायदा सांगितला, संविधान सांगितलं. टाळ्या पडल्या, चाचा! लोक उठून हात मिळवायला आले. आणि ठराव दोन्ही वेळा पडला.”

“टाळ्या कुणी वाजवल्या?”

“गावानं.”

“पोचम्मानं?”

“तिला मराठी कुठं कळतं?”

चाचा डाळ निवडत राहिले...

निरंजनला राग आला. “आणि एवढं करून खाणीवरचे लोक सल्ल्याला इथं येतात. तुमच्याकडे. तुम्ही कायद्याचं एक पान तरी वाचलंय का?”

“नाही, बेटा.”

“मग?”

“पुढची सभा कधी आहे?”

“सोमवारी. सकाळी दहाला.”

“मी येतो.”

निरंजनचा राग तिथंच उतरला. चाचा येणार म्हणजे चाचा बोलणार, आणि चाचांचा शब्द धामणवाडीत कुणी मोडत नसे.

त्याला कारण होतं. कधीकाळी बिहारहून आलेल्या वीटभट्टीवाल्यांना गावानं विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. तेव्हा हा फकीर रोज सकाळी जाऊन त्या विहिरीच्या कठड्याशी बसायचा. कुणाला काही म्हणायचा नाही. स्वतः मात्र तिचं पाणी घ्यायचा नाही. अकरा दिवस असं चाललं. बाराव्या दिवशी गावातल्याच बायका भट्टीवर गेल्या आणि त्यांनी तिथल्या बायकांना घागरी घेऊन चला म्हणून सांगितलं. तो प्रसंग सांगताना गावातली म्हातारी माणसं अजूनही आवाज खाली आणतात.

सोमवारी पंचायतीसमोरच्या पटांगणात सतरंज्या पडल्या. गाव पुढे बसलं. खाणीवरचे लोक मागे, उन्हात उभे.

सरपंच उद्धवराव भोसीकर यांनी सुरुवातीलाच सांगितलं, “विषय जुनाच आहे. त्यांचं म्हणणं दोनदा ऐकून झालंय.”

“ऐकलं कुठं?” निरंजन म्हणाला.

“तुमचं ऐकलं ना, वकीलसाहेब. त्यांची भाषा आम्हाला येत नाही. आम्ही काय करणार?”

मग त्यांनी हात जोडले. “चाचा, तुम्ही बोला.”

चाचांसाठी एक खुर्ची ठेवली होती. चाचा उठले. त्यांनी ती खुर्ची उचलली, चालत मागे गेले आणि पोचम्माला हाताला धरून पुढे घेऊन आले. खुर्ची सभेच्या मधोमध ठेवली. तिला बसवलं. स्वतः तिच्या पायाशी, जमिनीवर बसले.

पोचम्मा साठीची. हात दगड फोडून फोडून दगडासारखेच झालेले. तिनं पदर सारखा केला आणि समोर बसलेल्या गावाकडे पाहिलं.

मग ती तेलुगूत बोलू लागली.

हळू बोलत होती. मध्येच थांबत होती. कुणाकडे बोट दाखवलं नाही, की आवाज चढवला नाही.

ती थांबली.



निरंजन झटकन उठला. तिचा शब्दन् शब्द त्याला कळला होता. तो तोंड उघडणार, तोच चाचांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला खाली ओढलं.

“चाचा, त्यांना काही कळलं नाही...”

चाचांनी मनगट सोडलं नाही.

कुणीतरी खोकलं. सरपंचांनी घड्याळ पाहिलं. पोचम्मा खुर्चीत तशीच बसून राहिली. निरंजन नंतर सांगायचा, उभ्या आयुष्यात इतका लांब वेळ मी पाहिला नाही.

...

मग गिरणीवाला धोंडिबा उठला. सगळ्या पटांगणानं वळून त्याच्याकडे पाहिलं, तसा तो ओशाळला.

“म्हणजे... दळणाला येतात ना ते,” तो म्हणाला. “कानावर पडून पडून कळतं थोडंफार.”

“काय म्हणते ती?” कुणीतरी विचारलं.

“म्हणते, नवऱ्याला नदीत ठेवलं. त्याबद्दल मी भांडायला आले नाही.”

“‘भांडायला’ नाही रे,” बायकांमधून कौसाबाई म्हणाली. तिनं आणि पोचम्मानं वीस वर्षं पावसाळ्यात शेतात एका पातीला निंदण केलं होतं. “‘रडायला’ आले नाही, असं म्हणाली ती. रडणं घरी झालं म्हणाली.”

पोचम्मानं कौसाबाईकडे पाहून मान हलवली.

“पुढं?”

“पुढं म्हणते,” धोंडिबा चाचरत म्हणाला, “आता माझाही नंबर आहे. मला तरी इथं ठेवा. हे आमचं गाव आहे.”

आमचं म्हटल्याबरोबर सभा उसळली.

“आमचं? कधीपासून?”

“उद्या म्हणतील पंचायतही आमची!”

“हेच, हेच होणार होतं...”

धोंडिबा घाबरून खाली बसला. निरंजनची धडपड चालू होती, पण चाचांची पकड सुटेना.

“गप्प बसा!”

ओरडले ते सरपंच होते. उद्धवराव उभे राहिले होते. चेहरा लाल झाला होता.

“आमचं नाही म्हणाली ती,” ते म्हणाले.

“मग?”

“‘मा ऊरू’ म्हणाली असती, तर आमचं गाव. ती ‘मन ऊरू’ म्हणाली.” ते अडखळले. “‘मन’ म्हणजे... आपलं. तिचं आणि आपलं, दोघांचं मिळून. आपलं गाव म्हणाली ती.”



भाषा येत नाही असं याच माणसानं घटकाभरापूर्वी सांगितलं होतं. खाण सुरू झाली तेव्हा उद्धवराव चौदा वर्षांचे होते आणि त्यांचे सगळे उन्हाळे खाणीवरच्या पोरांबरोबर डबक्यात पोहण्यात गेले होते, हे निरंजनला पुढं कधीतरी कळलं.

पोचम्मानं सरपंचांकडे पाहिलं. मग तेलुगूत एकच वाक्य बोलली.

कौसाबाई डोळे पुसत हसली. “म्हणते, उद्धव लहानपणी आमच्या घरी आंबील प्यायचा.”

सरपंच खाली बसले. मग त्यांनी कारकुनाला खूण केली. “ठराव लिहा. गावच्या दफनभूमीला लागून गायरानाची पट्टी आहे, ती तिच्यातच घ्यायची. मध्ये कुंपण नको.”

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे.

मागे उन्हात उभ्या असलेल्या माणसांना धोंडिबानं जाऊन सतरंजीवर आणून बसवलं. निरंजन ते बघत राहिला. दोन वर्षांत त्याला हे सुचलं नव्हतं.

सभा संपल्यावर दोघं दर्ग्याकडे परत निघाले. टेकडीच्या पायथ्याशी चाचा दम खायला दगडावर टेकले.

“माझी दोन वर्षं फुकट गेली,” निरंजन म्हणाला.

“तुझ्यामुळे खाणीवरची पोरं शाळेत गेली. फुकट कशी?”

 निरंजननं हळूच विचारलं, “चाचा, धोंडिबा उठलाच नसता तर?”

“मी उठलो असतो.”

“आणि?”

“ती काय म्हणाली ते गावाला मराठीत सांगितलं असतं.”

“पण तुम्हाला तर तेलुगूचा एक शब्द येत नाही!”

चाचा गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि चढ चढू लागले.

“म्हणून तर,” ते म्हणाले. “माझी चूक दुरुस्त करायला कुणीतरी उठलंच असतं.”