ओल्या भिंतीवरच्या थाप्याची कहाणी

ऐक गं उंबरठ्यामाय, तुझी कहाणी. आटपाट गाव होतं. गावाला विहीर होती, विहिरीला दिवाळीपुरतंच पाणी होतं. म्हणून दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जात, गुढीपाडव्याला परत येत. मागं म्हातारी माणसं उरत.

त्या गावी कौतिका नावाची सून होती. सासूची दृष्टी गेलेली. सासूनं तिला वसा दिला. वसा काय करावा? निघायच्या दिवशी दाराजवळची भिंत सारवावी. ओल्या मातीत उजव्या हाताचा थापा द्यावा, मग पाऊल उचलावं. मागं राहील तिनं रोज थापा चाचपावा, मग घास घ्यावा. फळ काय? जाणारी परत येते, राहणारी तग धरते.

एक वर्ष केलं, दोन वर्षं केलं. तिसऱ्या वर्षी भिंत सारवून झाली, हात धुतले, तोच ट्रॅक्टर आला. मुकादम ओरडला, "आटपा, आटपा!" ट्रॉलीतल्या बाया हसल्या, "कौतिकेचा पाय भिंतीपासून निघंना!" कौतिका लाजली, गाठोडं उचललं.

सासू म्हणाली, "कौतिके, थापा?"

"दिला, आत्याबाई. ओला आहे, आत्ता हात लावू नका."

मग टोळी उसाला लागली. पहिल्या महिन्यात डोक्यावरची मोळी निसटली. दुसऱ्या महिन्यात तळहाताला कोयता लागला. तिसऱ्या महिन्यात भाकरी थापताना पिठात पंजा उमटला, कौतिका बघतच राहिली. नवऱ्याला म्हणाली, "थापा द्यायचा राहिलाय, मला घरी जाऊन येऊ द्या." नवरा म्हणाला, "एका थाप्यापायी? पाडव्याला जाऊच की."

मग पाडवा आला. कौतिका घरी आली. दाराला कडी होती. शेजारीण बाहेर आली, तिनं डोळ्यांना पदर लावला.

"आत्याबाई शिवरात्रीला गेल्या गं. निरोप धाडला, पण तुमची टोळी कुठं ते कुणाला ठाव नव्हतं. मी रोज भाकरी न्यायची. आत्याबाई घासाआधी भिंत चाचपायच्या. म्हटलं, थापा नाहीच तिथं, तुम्ही जेवा. तर माझ्यावरच रागावल्या. म्हणाल्या, सून दिला म्हणाली ना? मग माझाच हात चुकतोय. भाकरीची अर्धी झाली, अर्धीची चतकोर झाली, मग तीही नको झाली."

कौतिकेनं भिंत पाहिली. म्हातारीचा हात पोचेल तिथवर माती घासून गुळगुळीत झाली होती. मग तिनं शेण-माती कालवली, भिंत सारवली, तेवढी जागा तशीच सोडली. त्या जागेच्या बाजूला आपला वण पडलेला हात दाबला. "दिला, आत्याबाई," म्हणाली. चाचपायला कुणी नव्हतं.

कौतिकेला उशिरा कळलं, ते तुम्हां आम्हां वेळेवर कळो. जाणारीचा थापा भिंतीवर राहो, राहणारीच्या हाताला सापडो. साठां उत्तरांची ही कहाणी, पांचा उत्तरांत सांगितली, इथं पुरी झाली.