सगुणाबाई दिपोटिणीची खुर्ची

फार म्हणजे फारच जुनी गोष्ट. तेव्हा शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला गावोगाव ‘दिपोटी’ म्हणत, आणि दिपोटी येणार म्हटलं की मास्तरांना अन्न गोड लागत नसे. चिंचखोऱ्याच्या केरोबा मास्तरांचे तर दोन शेरे वाईट पडले होते. तिसरा पडला की नोकरी गेली.

आणि आलं कोण? सगुणाबाई दिपोटीण. बैलगाडीतून उतरल्या, चहा नाही, पाणी नाही, खुर्ची उचलली आणि फळ्याकडे पाठ करून थेट पोरांसमोर बसल्या. मास्तर मनात म्हणाले, ही बाई माझ्याकडे बघतच नाही! शेरा घरूनच ठरवून आलीय, दुसरं काय?

मास्तरांनी भागाकार घेतला. बाईंनी वळून पाहिलंच तर फळा लखलखीत दिसावा म्हणून एक पायरी लिहायची, की लगेच पुसायची.

असं म्हणतात, पोराचं मन वर्गातून उडालं की बाईंना पंखांची फडफड ऐकू यायची.

शाळा सुटल्यावर बाई म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही पुसायला लागलात आणि निम्मा वर्ग उडाला. मागची पायरी पोरांना दिसलीच नाही.”

“उडाला? सगळी जागेवर तर होती!” मास्तर म्हणाले. मनात म्हणाले, पाठीला डोळे आहेत की काय हिच्या? गावातलंच कुणीतरी फितलंय.

“पटत नाही ना? उद्या मी शिकवते. तुम्ही या खुर्चीत बसा आणि माझं काय चुकलं ते सांगा.”

मास्तरांना वाटलं, हा तर उघड सापळा! चूक काढली तर उद्धट, नाही काढली तर आंधळा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एकही पायरी पुसली नाही. मास्तर पोरांचे चेहरे बघत बसले. आणि असं म्हणतात, त्यांच्याही कानाशी फडफड झाली. आधी एक, मग चार, मग अख्खा थवा. वरची कौलंसुद्धा थरथरली.

“बोला मास्तर.”

गेली नोकरी तर गेली! “बाई, तुम्ही सारखं त्या पुढच्या चंद्रीलाच विचारत होतात. बाकीची कंटाळून उडाली.”

बाई हसल्या, ते डोळ्यांना पदर लावेपर्यंत. “अहो, इतक्या शाळा पाहिल्या, मला हे कुणी सांगायला नको?” तिथल्या तिथे शेरा दिला: या मास्तरांना वर्ग ऐकू येतो.

आजही चिंचखोऱ्यात वर्ग बघायला येणाऱ्याची खुर्ची पोरांसमोर मांडतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच शिकवायला उभं करतात. नवे साहेब संशयानं विचारतात, “हा कुठला नियम?”

गाव म्हणतं, “बाईंचा. घ्या खडू.”