मागे उभा असलेला माणूस

"जेवणाच्या नावाखाली दिवसाढवळ्या दरोडा घालणारी माणसे या पेठेत आहेत, आणि त्यांना डोक्यावर छप्पर देणारीही आहेत!"

एकदा एक तरुण शिष्य भर सभेत उभा राहून असे बोलला. त्याने नाव कोणाचेच घेतले नाही. पण ऐकणाऱ्या प्रत्येकाची नजर आपोआप खाली, पायाखालच्या फरशीकडे गेली. कारण सभा पेठेतल्या वाचनालयाच्या माडीवर भरली होती, आणि त्याच वाचनालयाच्या तळमजल्यावर ती जागा होती.

पूर्वी तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे पडलेले असत. मग एका बाईने ती खोली भाड्याने घेतली, भिंती स्वच्छ केल्या आणि बाहेर पाटी लावली. पाटीवर 'गॅस्ट्रोपब' असा शब्द होता. पेठेने तो कधी पुरता उच्चारला नाही. तरुण मंडळी 'पब' म्हणत, बाकीचे 'ताईंकडे' म्हणत. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसे तिथे येत. कोणी बिअर घेई, कोणी सोलकढी. पण तिथला खरा मान जेवणाचा. निखाऱ्यावर भाजलेला बांगडा, वांग्याचे भरीत, तांदळाची भाकरी, कोलंबीची भजी. आणि किंमत? बसस्थानकाजवळच्या खाणावळीत जेवढ्यात तिघांची पोटे भरत, तेवढ्यात इथे एकाचे ताट येई.

त्या जागेचा करार संपत आला होता. वाचनालयाच्या विश्वस्तांपैकी एक फरशांचा व्यापारी होता. त्याला गोदामासाठी तीच खोली हवी होती, आणि भाडेही तो तेवढेच द्यायला तयार होता. ताईंना मात्र दुसरी जागा मिळण्यासारखी नव्हती. त्यांनी होते नव्हते ते त्या चुलीत आणि भिंतींत घातले होते. विश्वस्तांचे शेवटी एवढ्यावर एकमत झाले की जेवण खरोखर त्या किमतीचे असेल तर ताईंनी राहावे, आणि शेजाऱ्यांना नाडणे चालले असेल तर वाचनालयाने त्याला आसरा देऊ नये.

शिष्याचे हे बोलणे झाले आणि सगळे अध्यक्षांकडे पाहू लागले. अध्यक्ष म्हणजे एक वृद्ध आचार्य. हा शिष्य महाविद्यालय संपवून त्यांच्याकडे तर्कशास्त्र शिकायला येत असे. अन्याय दिसला की त्याची कानशिले तापत, आणि अन्याय त्याला बराच दिसे.

आचार्य म्हणाले, "राग तुझा आहे, तर तपासही तूच कर. रविवारच्या सभेत तू सांगशील ते मी मान्य करीन."

व्यापाऱ्याने टेबलावर थाप मारली. "वा! पोरगा करारी आहे. आता न्याय होणार."

शिष्याने तपास मनापासून केला. आपण नि:पक्षपाती असले पाहिजे, हा त्याचा आग्रह. पबमधला मंद उजेड, हळू आवाजातले गाणे, ताईंची "या ना, बसा ना" ही अगत्याची भाषा, हे सारे त्याच्या मते एक प्रकारची लाच होती. म्हणून तो तिथे बसलाच नाही. रिकामा डबा घेऊन गेला, त्यात बांगडा, भाकरी, भरीत आणि भजी भरून घेतली आणि खोलीवर आला. मोह पडू नये म्हणून डबा तसाच झाकून ठेवला. ठरलेले वाचन संपवले, हातपाय धुतले आणि मगच जेवायला बसला. भजी मऊ पडली होती. बांगड्याच्या कडा चामड्यासारख्या झाल्या होत्या. भाकरी वातड. शिष्याने समाधानाने मान हलवली. आरोप सिद्ध झाला होता.

शनिवारी तो आचार्यांकडे गेला. "निकाल लागला. खाणावळीतलं ताट याहून कितीतरी सरस आहे."

"खाणावळीतलं कुठे जेवलास?"

"तिथेच. रोज तिथेच तर जेवतो मी."

"आणि हे?"

"खोलीवर, डब्यातून. म्हणजे त्या जागेचा परिणाम नको."

आचार्यांनी काठी उचलली. "संध्याकाळी चल माझ्याबरोबर. निकाल सांगण्याआधी एकदा तिथे बसून जेव."

संध्याकाळी दोघे तळमजल्यावर गेले. ताई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या. उद्या कोण बोलणार आहे हे त्यांना ठाऊक होते. शिष्याकडे पाहून त्या हसल्या, पण ते हसू ओठांवर टिकेना.

"बसा ना आचार्य. खिडकीजवळचं टेबल देते."

"हा बसेल. याच्यासाठी बांगड्याचं ताट आण. मला बसायचं नाही."

कोपऱ्यात सोनटक्के काका वर्तमानपत्र घेऊन बसले होते. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, घरी एकटे. एक भरीत, दोन भाकऱ्या आणि एक सोलकढी एवढ्यावर त्यांची अख्खी संध्याकाळ जाई.

ताट आले. शिष्य जेवू लागला, आणि आचार्य त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. अगदी जवळ. इतके की त्यांच्या धोतराचा काठ खुर्चीच्या पायाला लागत होता.

"आचार्य, बसा ना."

"जेव तू."

शिष्याने एक घास घेतला. मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. दुसरा घास घेताना त्याला जाणवले की त्याच्या खांद्यावरून कोणीतरी ताटात डोकावते आहे: किती उरले? आचार्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. काठी या हातातून त्या हातात घेतली. एक लांब श्वास सोडला.

सोनटक्के काकांना राहवेना. "आचार्य, गाडी तर रिकामी आहे. उभ्यानेच प्रवास करणार काय?"

आजूबाजूचे हसले. आचार्य हलले नाहीत. शिष्याचे कान लाल झाले. घास मोठे होऊ लागले. चावण्याआधीच गिळले जाऊ लागले. काटा घशाला लागता लागता राहिला. बघता बघता ताट रिकामे झाले, आणि तो हात धुवायला धावल्यासारखा उठला. परत येतो तर आचार्य त्याच्या खुर्चीवर बसलेले.

"कसा होता बांगडा?"

"कसा म्हणजे..." शिष्य अडखळला. "मला नाही सांगता येणार."

"आत्ता तर खाल्लास."

"लक्षच नव्हतं! तुम्ही असे मागे उभे राहिल्यावर माणूस जेवणार कसा?"

"का? खाणावळीत रोज कोणी ना कोणी तुझ्या मागे उभा असतोच की. तुझी जागा रिकामी व्हायची वाट बघत."

शिष्याने ओला हात सदऱ्याला पुसला.

"दिसायला कसा आहे तो?"

"कोण?"

"रोज तुझ्या मागे उभा असतो तो."

शिष्याने आठवून पाहिले. पाठीवर पडणारी सावली आठवली. पिशवीचा कोपरा खांद्याला लागल्याचे आठवले. चेहरा एकही आठवेना. इतक्या दिवसांत त्याने मान वळवून कधी पाहिलेच नव्हते.

आचार्यांनी समोरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बस. खाणावळवाला भला माणूस आहे. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याचं ताट स्वस्त कशामुळे आहे ते पाहा. मागे माणूस उभा आहे म्हणून तू भराभर उठतोस, आणि तू उठतोस म्हणून त्याच बाकावर दुपारभर माणसं जेवतात. तुझ्या ताटाची निम्मी किंमत तो मागचा माणूस उभा राहून भरतो, आणि उद्या तू त्याच्यासाठी उभा राहून भरतोस. इथे मागे कोणी उभं नाही. सोनटक्क्यांना अजून कोणी 'उठा' म्हटलेलं नाही. तो नसलेला माणूसही या ताटाच्या किमतीत धरलेला आहे. तू डब्यात मासा भरून नेलास; खुर्ची आणि संध्याकाळ इथेच ठेवून गेलास आणि मग म्हणालास, वजन कमी भरलं."

शिष्य सरकवलेल्या खुर्चीवर बसला. पण त्याच्या मनातली आग अजून पुरती विझली नव्हती, आणि ती विझावी असे आचार्यांनाही वाटत नव्हते.

"पण ज्याला हे परवडत नाही त्याचं काय? त्याने जन्मभर घाईतच जेवायचं?"

आचार्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आनंद दिसला. "हा प्रश्न खरा आहे. हा घेऊन आला असतास तर मी मागे उभा राहिलो नसतो. याचं उत्तर माझ्याकडेही नाही. पण हा प्रश्न आपण सगळ्यांना विचारायचा आहे. एकट्या ताईंना चोर ठरवून तो सुटत नाही."

मग त्यांनी ताईंना आणखी एक ताट आणायला सांगितले. "भरीत मला. बांगडा पुन्हा यालाच."

या वेळी शिष्य सावकाश जेवला. धुराचा वास आधी आला, मग कोकमाचा आंबटपणा, मग माशाची स्वतःची गोडी. भाकरीची कड कुरकुरीत होती आणि मध्ये ती अजून वाफाळत होती. मध्येच तो थांबला, काहीतरी आठवून आचार्यांना सांगू लागला, आणि आपण जेवताना बोलतो आहोत याचे त्यालाच नवल वाटले. शेवटी त्याने एक भजे तोंडात टाकले, चावले, आणखी चावले.

ताई शेजारी येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "भज्यांबद्दल बोला. खरं बोला. उद्या ऐकण्यापेक्षा आज ऐकते."

शिष्य म्हणाला, "ताई, रागावू नका. डब्यातली मऊ पडली होती, तो दोष माझा. पण ही गरम आहेत, आणि तरीही या किमतीची नाहीत. पीठच लागतं. कोलंबी शोधावी लागते."

ताईंनी मान डोलावली. "कोलंबी महागली तेव्हा पीठ वाढवलं मी. बिअरबरोबर कोण बघतंय, म्हटलं." आणि थोडे थांबून म्हणाल्या, "काकांनी मागेच सांगितलं होतं. मी म्हटलं, तुम्ही भजी खाताच कुठे?"

"वास तर फुकट येतो ना," सोनटक्के काका वर्तमानपत्राआडून म्हणाले.

रविवारी सभा भरली. शिष्य उभा राहिला. या वेळी आवाज तापलेला नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

"मागच्या सभेत मी दरोडा हा शब्द वापरला. तो मी परत घेतो. तपास न करता तो मी उच्चारला, आणि पहिला तपासही चुकीचा केला. खालचा बांगडा आणि भरीत मागितलेल्या किमतीला योग्य आहेत. भजी नाहीत, ताईंनी ती बंद केली आहेत."

व्यापारी पुढे झुकला. "म्हणजे महाग आहे की नाही? एका शब्दात सांग."

"महाग आहे. पण त्यात लबाडी नाही. ज्याला परवडेल त्याला इथे माणसासारखं बसून जेवता येतं, आणि पेठेतल्या एकट्या माणसाला संध्याकाळ काढायला दुसरी जागा नाही. ती जागा फरशांना देऊ नये, असं माझं मत आहे."

खालून चुलीवर काहीतरी चरचरल्याचा आवाज आला. मग एकेक करून हात वर झाले. व्यापाऱ्याने सगळीकडे पाहिले, सुस्कारा सोडला आणि स्वतःचाही हात अर्धा वर केला. "ठीक आहे. पण माझ्या फरशांचं बघा कुठेतरी." जिन्यात, दाराआड उभ्या असलेल्या ताईंनी भिंतीला पाठ टेकली आणि तिथेच पायरीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिष्य नेहमीप्रमाणे बसस्थानकाजवळच्या खाणावळीत जेवायला गेला. त्याच्या खिशाची ऐपत तेवढीच होती. ताट आले, पाठीवर ओळखीची सावलीही आली. हात सवयीने भराभर चालू लागला. मग तो थांबला, आणि त्याने मान वळवून मागे पाहिले.

मागे एक पन्नाशीचा माणूस उभा होता. खांद्याला औषधांच्या नमुन्यांची जड बॅग, कपाळावर घाम, नजर ताटावर. आपल्याकडे कोणी पाहते आहे हे लक्षात येताच तो ओशाळला आणि एक पाऊल मागे सरकला. शिष्य बाकाच्या टोकापर्यंत सरकला, शेजारच्यालाही थोडे सरकायला लावले आणि मोकळ्या झालेल्या वीतभर जागेवर हात थोपटला.

"या, बसा. मावतो आपण. बॅग द्या इकडे, मी धरतो."

माणूस बिचकत बसला. त्याचेही ताट आले. अंग चोरून, पण घाई न करता दोघे शेजारी शेजारी जेवू लागले. माणसाने आमटीचा एक घोट घेतला, तो तोंडात धरला, नवल वाटल्यासारखे वाटीत पाहिले आणि शिष्याकडे वळून म्हणाला, "मीठ जास्त असतं की हो इथल्या आमटीत! इतकी वर्षं जेवतोय, कधी कळलंच नाही."