तेरा जागांचं बोलणं

एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपल्या शाळेतल्या जुन्या बाईंकडे गेला आणि म्हणाला, "बाई, मला हवेतून बोलायला शिकवा."

व्यापाऱ्याचं वय पंचावन्न, बाईंचं ऐंशीच्या पुढे. सबनीस बाईंनी कराडच्या निम्म्या पेठेला विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे मुरलीधरशेठ कितीही मोठे झाले तरी बाईंच्या लेखी ते 'अरे मुरलीधर' हेच होते. बाईंना हौशी रेडिओचा नाद होता. तो काय प्रकार आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचक वाटेतच गळायचे. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, घरात यंत्र मांडायचं, गच्चीवर तार ताणायची आणि पृथ्वीच्या पाठीवर कुठेतरी बसलेल्या आपल्यासारख्याच दुसऱ्या हौशी माणसाशी बोलायचं. मध्ये कुठली कंपनी नाही, दोघांना जोडणारी तार नाही. प्रत्येकाला अक्षरं आणि अंक मिळून एक नाव मिळतं, त्याला कॉल साइन म्हणतात. खिशात फोन असताना हा उपद्व्याप कशासाठी, असं कोणी विचारलं तर माझ्यापाशी उत्तर नाही. मुरलीधरशेठांपाशी मात्र होतं.

बाईंनी नेमकं तेच विचारलं. "फोन आहे ना तुझ्याकडे?"

"फोन आहे म्हणूनच घोळ झालाय, बाई."

घोळ असा होता. शेठजींचे थोरले भाऊ, ज्यांना ते दादा म्हणत, फिनलंडमध्ये स्थायिक झाले होते. दोघेही बोलण्यात पटाईत आणि ऐकण्यात कच्चे. फोन लागला की पहिली दोन वाक्यं प्रकृतीची, तिसऱ्याला जुनं काहीतरी उकरलं जायचं आणि चौथ्याला दोघांचा आवाज चढलेला असायचा. आईचं वर्षश्राद्ध कराडला करायचं की फिनलंडला, यावरून शेवटची जुंपली, तेव्हा दादा म्हणाले, "मला पुन्हा फोन करू नकोस." मुरलीधरशेठही त्याच आईचे चिरंजीव. त्यांनी केला नाही.

चार वर्षं अशीच गेली. मग दादांच्या मुलीकडून कळलं की दादांनी तिकडे रेडिओ घेतलाय आणि दर रविवारी दुपारी ते यंत्रापाशी बसतात. तिने त्यांची कॉल साइनही कळवली. शेठजींनी कुणालाही न सांगता ती पाठ केली.

"बाई," ते म्हणाले, "मला दादा हवा आहे. तो अनोळखी माणसांशी बोलतो म्हणे तासन्तास. मग मी अनोळखी होऊन येतो."

बाईंनी चष्मा पुसला आणि शिकवणी सुरू झाली.

शिकवणी गमतीची होती. बाई सांगत, "यंत्रातून निघते ती कोरी लहर. तिच्यावर आपलं म्हणणं चढवावं लागतं. त्या चढवण्याला म्हणायचं मॉड्युलेशन. चढवायच्या तऱ्हा वेगवेगळ्या." एफएम ही तऱ्हा गावातल्या गावात बोलायला उत्तम, आवाज स्वच्छ, पण हवेत पसरून बसणारी. लांबच्या बोलण्यासाठी एसएसबी, म्हणजे मूळ लहर घरीच ठेवायची आणि आवाजाची एकच बाजू पाठवायची; जागा कमी लागते, आवाज मात्र थोडा नाकात येतो. मोर्समध्ये आवाजच नाही, लहर नुसती चालू आणि बंद. आणि अगदी अलीकडची तऱ्हा म्हणजे डिजिटल. तिच्यात संगणक आठ सुरांत एवढासा निरोप गुणगुणतो आणि पलीकडचा संगणक तो गोंगाटातून वेचून काढतो.

"सगळ्यांत लांब काय जातं?" शेठजींचा व्यापारी प्रश्न.

"तूप तेवढंच आहे रे. अख्ख्या पोळीवर फासलंस तर जिभेला कळणार नाही. एका घासावर ठेवलंस तर कळेल. तू घास केवढा करतोस त्यावर आहे."

शेठजींनी मान डोलावली. त्यांना समजलं नव्हतं, पण बाईंसमोर मान डोलवायची सवय शाळेपासूनची. परीक्षा मात्र ते पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झाले. परवाना आला, दुकानाच्या माडीवर यंत्र आलं, गच्चीवर तार चढली. कळशांच्या आणि घंगाळांच्या उतरंडीत बसून मुरलीधरशेठ रविवारची वाट पाहू लागले.

पहिल्या रविवारी दुपारी यंत्र लावलं आणि दादांचा आवाज आला. बारीक, पण दादांचाच. ते कुणा इटालियन माणसाला बर्फात सायकल कशी चालवावी हे इंग्रजीत समजावत होते. शेठजींनी माइक उचलला, आपली कॉल साइन सांगितली, दादांना हाक दिली. दादा सायकलवरच होते. पुन्हा हाक दिली. मग जरा मोठ्याने. मग असे ओरडले की खालच्या शटरपाशी पेंगणारं कुत्रं उठून गेलं.

फिनलंड काही ऐकेना. यंत्राची पोच मर्यादित, गच्चीवरची तार साधी आणि पलीकडे हवेतला खरखराट अहोरात्र चालू. वर शेठजी ओरडत. माइकमध्ये ओरडलं की आवाज मोठा होत नाही, तो फाटतो आणि फाटून आजूबाजूच्यांच्या जागेत सांडतो. हैदराबादच्या एका सद्गृहस्थांनी मध्येच येऊन हिंदीत अत्यंत नम्रपणे सांगितलं की, साहेब, आपण कोण आहात ते समजत नाही, पण आपण सगळीकडे आहात.

असे बरेच रविवार गेले. शेवटी शेठजी बाईंना माडीवर घेऊन आले. "बाई, ताकद वाढवणारं मोठं यंत्र मागवतो. परवान्यात बसेल एवढं. दादाला ऐकू गेलंच पाहिजे. मी सगळं बोलायचं ठरवलंय. श्राद्धाच्या वेळी तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, कुणाचं कुठे चुकलं, एकदा सगळं स्वच्छ होऊन जाऊ दे."

बाईंनी यंत्राला जोडलेला माइक सोडवला, समोरच्या फळीवरचा एक पितळी डबा उघडला, माइक त्यात ठेवला, घट्ट झाकण लावलं आणि डबा उतरंडीच्या तळाशी सरकवला.

मुरलीधरशेठ बघत राहिले. चार वर्षांनी भावाशी बोलायचं, आणि बोलायचं साधनच बाईंनी डब्यात घातलं. त्यांना वाईट वाटलं, थोडा रागही आला. पण बाईंना विचारायची छाती झाली नाही.

बाईंनी त्यांचा संगणक यंत्राला जोडला. "आता डिजिटल. पंधरा सेकंद पाठवायचं, पंधरा सेकंद ऐकायचं. यात तुझी मर्जी चालत नाही, घड्याळ चालवतं. निरोप ठरलेला असतो, तू कोण, कुठला, आणि समोरच्याचा सूर किती क्षीण आला. संपलं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं नाही."

पडद्यावर ओळी उमटू लागल्या आणि त्यांत दादांची कॉल साइन दिसली. शेठजींनी उत्तर धाडलं. प्रतिसाद नाही. पुन्हा धाडलं. बाई चहाचा कप घ्यायला वळल्या तेवढ्यात त्यांनी संगणकाचा आवाज गुपचूप शेवटपर्यंत चढवला. सवय जाते थोडीच. आठ सुरांचे अठ्ठेचाळीस झाले आणि पलीकडे त्याचा भुसा पोचला.

बाईंनी कप खाली ठेवला. आवाज जास्त झाला की हलणारा यंत्रावरचा एक काटा थरथरत होता. त्या आवाज उतरवत गेल्या, इतका की काटा निपचित पडला. शेठजी कळवळून म्हणाले, "बाई, आहे तेवढंही जाईल."

"पाठव."

पंधरा सेकंदांचं गुणगुणणं झालं. मग पंधरा सेकंद ऐकायचे. आणि ओळ उमटली. दादांच्या कॉल साइनने मुरलीधरशेठांच्या कॉल साइनला उत्तर दिलं होतं आणि पुढे आकडा होता, वजा एकोणीस.

"म्हणजे?"

"म्हणजे तू गोंगाटाच्याही खाली आहेस. कानाला ऐकू येणार नाहीस. तरी त्याला मिळालास."

ठरलेली देवाणघेवाण पूर्ण झाली, शेवटची शुभेच्छाही आली. दादा समजत होते की भारतातला कोणी हौशी भेटला. बाई म्हणाल्या, "आता एक मोकळी ओळ पाठवता येते. रोमन अक्षरं, तेरा जागा. मधली रिकामी जागाही धरून."

तेरा. चार वर्षं साठवलेलं भाषण घेऊन बसलेल्या माणसाला तेरा जागा. शेठजींनी टंकायला घेतलं आणि पुसलं. 'चूक तुझीच' असं सुरू केलं, ते पुसलं. 'श्राद्धाच्या वेळी' हे तर बसेचना. पुन्हा पुसलं. सगळं बसवून बघितलं आणि एकेक गळत गेलं. अखेर त्यांनी दोन शब्द लिहिले आणि डोळे मिटून बटण दाबलं.

दादा जेवलास?

पंधरा सेकंद काहीच नाही. मग एक फेरी आणखी गेली, आणि आणखी एक. पडद्यावर कुठलेकुठले लोक एकमेकांना आकडे देत होते. मग दादांच्या जागी ओळ उमटली, रोमनमधल्या तेराच्या तेरा जागा भरून.

मुरल्या? जेवलो

'मुरल्या' त्यांना आई आणि दादा एवढी दोनच माणसं म्हणत. मुरलीधरशेठ रडले. लपवलं नाही, पितळेच्या दुकानात लपवणार तरी कुठे, प्रत्येक कळशीत तोंड दिसत होतं. रडतारडताच त्यांनी घाईने लिहिलं, 'फोन करू?' आणि फोन हातात घेऊन तयारच राहिले.

उत्तर आलं, 'नको. रविवार'

शेठजींचा चेहरा पडला. "बघा बाई. नको म्हणतोय. अजून राग गेला नाही त्याचा."

"पूर्ण वाच."

"नको. रविवार."

"'नको' म्हणायला त्याला चार रोमन अक्षरं लागली. उरलेल्या जागेत त्याने तुला वार दिला. पुढच्या रविवारी तो इथे येऊन बसणार आहे, तुझ्यासाठी."

शेठजींनी ओळ पुन्हा वाचली आणि फोन खिशात ठेवला. मग हळूच विचारलं, "बाई, तुम्ही माइक डब्यात का घातलात?"

बाई म्हणाल्या, "आवाज हे फार मोठं गाठोडं आहे, मुरलीधर. त्यात शब्द असतात, आणि शब्दांबरोबर तुझा हट्ट, तुझा राग, चार वर्षांपूर्वीचं सगळं असतं. वाट चांगली असेल तर ते सगळं नीट पोचतं, माणूस उलगडून बघतो, ठेवायचं ते ठेवतो. तुमची वाट आज चांगली नाही. अशा वाटेवर गाठोडं पाठवलंस तर त्यातलं सगळ्यांत जड तेवढं पोचतं, आणि तुमचं सगळ्यांत जड काय आहे ते तुला माहीत आहे. म्हणून मी तुला अरुंद तऱ्हा दिली. तिच्यात भांडण मावत नाही. जेवलास का एवढं मावतं. आणि तू बोललास की तेवढाच वेळ तुला गप्प बसावं लागतं, हे तर तुम्हा दोघांना आईनेसुद्धा शिकवलं नव्हतं. वाट सुधारेल तसं जास्त पाठव. एक दिवस आवाजही पाठवशील."

मुरलीधरशेठांनी या वेळी मान डोलावली नाही. ते नुसते ऐकत बसले.

पुढचे कित्येक रविवार तेरा-तेरा जागांत गेले. पाऊस पडला का. गुडघा कसा आहे. नातीला दात आला. मग दोघं दुसऱ्या एका डिजिटल तऱ्हेकडे वळले, जिच्यात अख्खी वाक्यं टंकता येतात, आणि तिथे एके दुपारी दादांनी आपणहून लिहिलं, की आईचं श्राद्ध कराडलाच व्हायला हवं होतं, घाटावर. मुरलीधरशेठांनी उत्तरात लिहिलं, की कुठेही चाललं असतं, तू असतास तर.

ज्यांचं आपल्या माणसाशी बोलणं तुटलं आहे, त्यांनी सगळं स्वच्छ करायला निघू नये. जेवलास का, एवढं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.