आपलंच बेट

खाडीच्या तोंडाशी ते तिवरांचं बेट दिसतंय ना, गलबत पालथं घातल्यासारखं, त्याला सांखरी गावात 'आपलंच' म्हणतात. पाहुण्यांना हसू येतं. धाकूदादा खोबरेकर हसत नाहीत. धक्क्यावर बसून, दुखरे गुडघे चोळत, शंभरदा सांगितलेलं पुन्हा सांगतात.

फार मागची गोष्ट, म्हणे. दर्यावर दोन सत्तांचं भांडण जुंपलेलं. शत्रूचा माल वाहणारं गलबत धरायचं, असा हुकूम होता. धरलेली गलबतं या खाडीत नांगरायची आणि तीन कोसांवर किल्ल्यात निवाडा बसायचा. शत्रूचं ठरलं तर सरकारजमा, रयतेचं ठरलं तर मोकळं.

सांखरीचा गोंदजी तांडेल नारळ आणि सुंभ भरून निघाला होता. गलबत त्याचं स्वतःचं. नऊ वर्षं खपून, भावाबरोबर एकेक फळी बसवून बांधलेलं. ते पाण्यात उतरायच्या आधीच भाऊ गेला. परवाना होता, पण लाटेनं भिजून त्याचा लगदा झालेला. आरमारानं धरलं.

निवाड्याला बसलेले सुभेदार देशावरचे. माणूस वाईट नव्हता, असं सांगतात. त्यांनी एवढंच विचारलं, "गलबत कुणाचं?"

आता आपल्याकडची रीत बघा. मोठ्या माणसानं घर विचारलं, आंब्याचं झाड विचारलं, तरी कुणी 'माझं' म्हणतं का? जीभच वळत नाही मेली! गोंदजीनं हात जोडले आणि वाकून म्हणाला, "आपलंच आहे, सरकार."

कारकुनानं लिहून घेतलं: तांडेल कबूल करतो, गलबत सरकारचे.

झालं! गोंदजीला कळलं तेव्हा तो कळवळून ओरडला, "अहो, ती बोलायची पद्धत!" सुभेदार चपापले. पण शिक्का पडला होता, आता तो वरूनच फिरायचा. "कळवतो वर," म्हणाले.

दर अमावास्येला गोंदजी किल्ल्यावर चालत जाई. उत्तर एकच, अजून आलं नाही. पहिल्या वर्षी तो हुज्जत घाली, चौथ्या वर्षी नुसता पायरीवर बसून राही. सातव्या वर्षी पहारेकरीच लांबून मान हलवायचे, की हा तिथूनच माघारी. गलबत रोज घराच्या दारातून दिसायचं, पण हात लावायची मनाई.

लढाई मिटली तेव्हा हुकूम आला, गलबत सोडावे. सोडतात काय, कपाळ! ते चिखलात रुतलं होतं, फळ्या कुजल्या होत्या, फटींतून तिवर उगवलं होतं. ओहोटीला गोंदजी मांडीभर चिखल तुडवत गेला. भावानं बसवलेल्या फळीवर हात ठेवून म्हणाला, "माझं." काठावर उभ्या बायकोनं तेवढं ऐकलं, म्हणे.

आजही सांखरीत नवी होडी पाण्यात लोटताना गावकरी तीनदा विचारतात, "होडी कुणाची?" मालकानं तीनदा ओरडून 'माझी' म्हणायचं. पुटपुटला, तर कुणी होडीला खांदा लावत नाही.

मग धाकूदादा उठतात. "चला, चहा घ्या. घर आपलंच आहे."

वाटेत ओढून ठेवलेली होडी बघून कुणीतरी विचारतंच, ही कुणाची?

"माझी!" धाकूदादा बेटाकडे तोंड करून म्हणतात, पाहुणे दचकतील इतक्या जोरात.