सेटचा शेजार

कोशातले शब्द एकमेकांशी आणि कोश उघडणाऱ्यांशीही बोलत, त्या काळची गोष्ट. एका जाडजूड इंग्रजी कोशात 'सेट' राहत असे. त्याचे अर्थ दोन पानं भरून होते. जवळच राहणाऱ्या 'सेसमी'चा अर्थ एकच, तीळ. "एवढ्याशा अर्थावर तुझं कसं भागतं गं?" सेट तिला रोज विचारी.

एका दुपारी यमुताईंनी कोश उघडला. पाच वाजता विहीणबाई पहिल्यांदाच घरी येणार होत्या आणि जेलीचं पाकीट एकच होतं. त्यावरच्या सूचनेत सेट होता.

"पहिलाच अर्थ घ्या. मांडून ठेवा," सेट रुबाबात म्हणाला. "माझा कुठलाही अर्थ चालतो."

यमुताईंनी पातळ जेली वाट्यांत ओतून टेबलावर मांडलीही. पण त्यांना शंका आली. त्यांनी पाकीट पुन्हा वाचलं. सेटच्या आजूबाजूला 'फ्रीज' आणि 'दोन तास' हे शब्द होते.

"म्हणजे घट्ट होऊ द्यायची," असं म्हणत त्यांनी वाट्या फ्रीजमध्ये ठेवल्या. पाच वाजता जेली थरथरली, पण सांडली नाही.

"माझा अर्थ यमुताईंनी ठरवला?" सेटने हळूच विचारलं.

"नाही रे, तुझ्या शेजाऱ्यांनी," सेसमी म्हणाली.

तेव्हापासून सेटला कुणी अर्थ विचारला की तो आधी विचारतो, "आज माझ्या शेजारी कोण आहे?"