उतरण्याचा धडा

एका बेटावर लढाऊ विमानांचा एक तळ होता. बेट परक्यांचं होतं, तळ जपानी आरमाराचा होता आणि युद्ध हातचं चाललं होतं. हे सगळ्यांना कळत होतं, पण बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

या तळावर इवाकी नावाचे एक गुरुजी नव्या पोरांना विमान शिकवायचे. मोजकं बोलणारे आणि कामाला कडक. "वर जायला आठ दिवसांत शिकाल," ते म्हणायचे, "खाली यायला सहा महिने लागतील. ते सहा महिने माझे." विमान उतरवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. भरलेला पेला चटईवर ठेवावा, तसे त्यांचे विद्यार्थी विमान जमिनीला टेकवायचे. गुरुजींना आयुष्यात अभिमान होता तो एवढाच.

एके सकाळी गुरुजी आणि त्यांचा जुना शिष्य मुनेओ आपापल्या विमानांतून शत्रूच्या जहाजांवर चालून गेले. खालून तोफा सुरू झाल्या आणि मुनेओ बसल्या जागी गेला. त्याचं डोकं पुढे कलंडलेलं गुरुजींनी शेजारून उडताना पाहिलं. ते विमान तसंच भरकटत खाली गेलं आणि नेमकं एका मोठ्या जहाजावर आदळलं. जहाज पेटलं आणि बुडालं.

गुरुजींनी परत येऊन तळाच्या प्रमुखांना जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं.

प्रमुखांनी नकाशावर त्या जागी खूण केली. मग म्हणाले, "वर्षभर आपल्याला एकही जहाज बुडवता आलं नाही. मुनेओने बुडवलं."

"मुनेओने नाही, साहेब. तो आधीच गेला होता. तो निव्वळ योगायोग होता."

"हं," प्रमुख म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मैदानात उभं केलं. "मुनेओने स्वतः होऊन शत्रूवर झेप घेतली," ते म्हणाले. "शेवटपर्यंत तो हसत होता." बोलताना त्यांनी एकदा गुरुजींकडे पाहिलं. शब्द गुरुजींच्या अगदी ओठांवर आले होते. पण मुनेओची म्हातारी आई गावी एकटी होती. हीच हकिकत पत्रातून तिच्याकडे जाणार, तेवढाच तिला आधार, असं त्यांच्या मनात आलं. गेलेल्या पोराला थोडं शौर्य जास्त मिळालं, तर कुणाचं काय बिघडतं? त्यांनी मान खाली घातली. भल्या माणसाने भल्या मनाने केलेली ही चूक होती, म्हणूनच तिचा राग जास्त येतो.

लगेच प्रमुख म्हणाले, "मुनेओच्या वाटेने कोण जाणार? जबरदस्ती नाही. सगळ्यांनी डोळे मिटा. तयार असेल त्याने हात वर करावा."

पोरांनी डोळे मिटले. कुणाला कुणाचा हात दिसत नव्हता. पण एका बाहीची सळसळ झाली, मग दुसरीची. आपणच एकटे मागे राहिलो की काय, या धास्तीने प्रत्येकाचा हात वर गेला. प्रमुखांनी डोळे उघडायला सांगितलं, तेव्हा खाली असलेला एकही हात नव्हता.

त्या दिवसापासून शिकवणी बदलली. पेट्रोल कमी होतं. ज्याला परत यायचंच नाही त्याला उतरणं कशाला शिकवायचं, असा सरळ हिशेब झाला. फळ्यावरचा शेवटचा धडा पुसला गेला. गुरुजी आता फक्त उडायला शिकवायचे आणि सरावाचं विमान खाली आणायची वेळ आली की सुकाणूचा दांडा स्वतःच्या हातात घ्यायचे.

त्या पोरांत तोकुजी नावाचा एक होता. निघायच्या सकाळी त्याने कापलेले केस आणि नखं घातलेला लिफाफा गुरुजींकडे दिला. देह सापडणार नाही म्हणून घरी पाठवायला मागे एवढंच ठेवायची तिथली रीत होती.

"गुरुजी, एक विचारू? मुनेओ खरंच हसत होते?"

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. पोर टोपीचा पट्टा पुन्हा पुन्हा आवळत होतं. आता खरं सांगून काय होणार, निदान मन शांत ठेवून तरी जाऊ दे, असं त्यांना वाटलं.

"हो," ते म्हणाले.

तोकुजी वाकून नमस्कार करून गेला.

पण त्या दिवशी समुद्रावर ढग दाटले होते. एकही जहाज दिसलं नाही. जहाज न दिसल्यास परत फिरा, हा जुना हुकूम कुणी बदललाच नव्हता. दुपारी धावपट्टीवर विमानाचा आवाज आला. गुरुजी धावत बाहेर आले. तोकुजी होता! पोर जिवंत परत आलं म्हणून त्यांना क्षणभर केवढा आनंद झाला! आणि मग त्यांना आठवलं, याला उतरता येत नाही.

विमान फार वेगात येत होतं. पोटाशी बॉम्ब घट्ट आवळलेला होता. गुरुजी हात हलवत, ओरडत धावपट्टीवरून धावले. "नाक वर घे! वेग कमी कर!" सहा महिन्यांचा धडा ते दोन शब्दांत शिकवत होते. तोकुजीला काही ऐकू गेलं नाही. विमान आदळलं आणि धावपट्टीच्या टोकाला आगीचा लोळ उठला. गुरुजींच्या खिशात तेवढा लिफाफा राहिला.

ते तसेच प्रमुखांकडे गेले. "साहेब, आता तरी मुनेओचं खरं सांगा. हे थांबवा."

"मला खरं माहीत होतं," प्रमुख म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतं. त्या दिवशी बोलताना मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तेव्हा तोंड उघडलं असतं, तर मी तिथेच थांबलो असतो. तुम्ही मान खाली घातलीत."

गुरुजी खिशातल्या लिफाफ्यावर हात ठेवून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी नवी तुकडी आली. गुरुजींनी त्या पोरांसमोर उभं राहून सगळं खरं सांगून टाकलं. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मुनेओचं हसू त्यांनी गावी वर्तमानपत्रांत वाचलं होतं. शिष्य गेल्याच्या दुःखाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं त्यांना वाटलं. एकाने तर आदराने त्यांना हाताला धरून सावलीत नेऊन बसवलं.

मग प्रमुख आले. पोरांनी डोळे मिटले. सावलीत बसलेल्या गुरुजींना बाह्यांची सळसळ ऐकू आली.

तात्पर्य: मेलेल्याच्या मानासाठी खपवून घेतलेलं खोटं पुढे जिवंतांचे बळी घेतं, आणि ते खोडायची वेळ गेल्यावर खरं बोलणारा फक्त वेडा ठरतो.